नाव विकलं, नाव सोडवून आणलं: स्टेडियमच्या नावांच्या सौद्यांची पार्श्वभूमी

एव्हर्टन हा लिव्हरपूलमधला जुना फुटबॉल क्लब २०२५ मध्ये गुडिसन पार्क सोडून ब्रॅम्ली-मूर गोदीतल्या नव्या स्टेडियममध्ये राहायला गेला. जाण्याआधीच, मे महिन्यात, नव्या स्टेडियमचं नाव जाहीर झालं: हिल डिकिन्सन स्टेडियम. हिल डिकिन्सन ही लिव्हरपूलमध्येच १८१० साली सुरू झालेली वकिलांची फर्म. थोडी कुरकुर झाली, थोडे विनोद झाले, काहींनी 'आम्ही ब्रॅम्ली-मूरच म्हणणार' असं सांगून टाकलं आणि विषय तिथेच थांबला. कुणी मोर्चा काढला नाही. याच इंग्लंडमध्ये त्याच्या चौदा वर्षं आधी, २०११ मध्ये, न्यूकॅसलमध्ये असाच सौदा झाला तेव्हा अख्खं शहर पेटून उठलं होतं. असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मैदानाला कंपनीचं नाव असण्यात मुळात नवल काही नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचं फिलिप्स स्टेडियम १९१३ पासून फिलिप्सचंच आहे. तो क्लबच कारखान्याच्या कामगारांचा, त्यामुळे तिथे विकण्यासारखं काही नव्हतं. पैसे मोजून, मुदत ठरवून नाव विकत घेण्याची रीत अमेरिकेतली. १९७३ मध्ये बफेलो शहराजवळच्या नव्या स्टेडियमला रिच या खाद्यपदार्थांच्या कंपनीने २५ वर्षांसाठी १५ लाख डॉलर देऊन आपलं नाव लावलं. या धंद्याचा पहिला ठळक करार म्हणून त्याचं नाव घेतात.

इंग्लंडमध्ये ही लाट एका छोट्या, गमतीशीर ठिकाणाहून शिरली. समुद्रकाठच्या स्कारबरो गावाचा क्लब १९८७ मध्ये पहिल्यांदा फुटबॉल लीगमध्ये पोचला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अ‍ॅथलेटिक ग्राउंडचं मॅकेन स्टेडियम झालं. मॅकेनचा बटाट्याच्या फ्रोझन चिप्सचा कारखाना गावातच होता. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला 'थिएटर ऑफ ड्रीम्स' म्हणतात, म्हणून लोकांनी याला 'थिएटर ऑफ चिप्स' करून टाकलं. राग असा नव्हताच. गावातल्या निम्म्या घरांचा कारखान्याशी या ना त्या प्रकारे संबंध असेल, तर रागावणार कुणावर?

यॉर्कमध्येही तसंच झालं. २००५ मध्ये बूथम क्रेसेंट या जुन्या मैदानाचं नाव किटकॅट क्रेसेंट झालं. बाहेरच्यांना हा चेष्टेचा विषय मिळाला. पण किटकॅट यॉर्कमध्येच जन्मलेलं, १९३५ साली, राउनट्रीच्या कारखान्यात; ही कंपनी पुढे नेस्लेने घेतली. शिवाय क्लब नुकताच बुडता बुडता वाचला होता, चाहत्यांच्याच ट्रस्टने तो हातात घेतला होता आणि मैदान परत मिळवायला पैसे हवे होते. नेस्लेचे पैसे कुठे जाणार हे प्रत्येकाला माहीत होतं. चाहत्यांना पैशाचं वावडं असतं, या समजाला इथेच तडा जातो.

नव्या स्टेडियमची गोष्ट आणखी सोपी. बोल्टन वाँडरर्स १९९७ मध्ये बर्नडेन पार्क सोडून गावाबाहेर गेला तेव्हा नव्या जागेचं नाव रीबॉक स्टेडियम होतं. बुटांच्या ब्रँडचं नाव म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, जरी रीबॉक मूळची बोल्टनचीच. मग संघ प्रीमियर लीगमध्ये टिकला, यूरोपात खेळून आला, आणि 'रीबॉक' हे नाव चांगल्या दिवसांशी जोडलं गेलं. २०१४ मध्ये मॅक्रॉन या इटालियन कंपनीने नावाचे हक्क घेतले तेव्हा लोक हळहळले ते रीबॉकसाठी. त्यानंतर युनिव्हर्सिटी ऑफ बोल्टन स्टेडियम, आणि २०२३ पासून टफशीट कम्युनिटी स्टेडियम. आर्सेनलच्या नव्या पिढीला तर 'एमिरेट्स' म्हणताना विमान कंपनी आठवतही नसेल. २००४ मधला तो करार १० कोटी पौंडांचा होता, त्यात शर्टवरचं नावही आलं, आणि हायबरी सोडून नवं स्टेडियम उभारताना तो पैसा क्लबला हवाच होता.

आपल्याकडेही याचा एक नमुना आहे, फुटबॉलचा नसला तरी. पुण्याजवळ गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झालं ते सुब्रत रॉय सहारा स्टेडियम या नावाने. करार दोनशे कोटी रुपयांच्या वरचा. पैसे वेळेवर आले नाहीत, वाद झाला, आणि २०१३ मध्ये असोसिएशनने नाव झाकून टाकलं. पुण्याच्या क्रिकेटप्रेमींना त्याचं सुखदुःख फारसं नव्हतं. नाव आलं, गेलं. त्या जागेची अजून कुठलीच आठवण तयार झालेली नव्हती.

न्यूकॅसलची गोष्ट नेमकी उलटी. सेंट जेम्स पार्कवर १८८० पासून फुटबॉल खेळलं जातंय. न्यूकॅसल युनायटेड १८९२ मध्ये तिथे आला, तो अजून तिथेच आहे. ही जागा मूळची शहराच्या फ्रीमेन मंडळींच्या, म्हणजे जुन्या परंपरागत हक्कदारांच्या, गायरानाचा भाग, म्हणजे क्लबची स्वतःची जमीनही नव्हे. बहुतेक इंग्लिश स्टेडियमं वस्तीच्या कडेला किंवा हायवेलगत असतात. हे मात्र शहराच्या मधोमध उंचावर आहे. टाइन नदीच्या पुलावरून येणाऱ्या माणसाला ते लांबूनच दिसतं. सुमारे ५२ हजारांची क्षमता, एकाच क्लबचं शहर. तिथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकाच स्टँडमध्ये बसलेले असतात.

माइक अ‍ॅशली यांनी हा क्लब २००७ मध्ये विकत घेतला. स्पोर्ट्स डायरेक्ट ही खेळाच्या सामानाच्या स्वस्त दुकानांची साखळी त्यांचीच. पहिली दोन वर्षं गोंधळात गेली, केविन कीगन मॅनेजर म्हणून आले आणि भांडून गेले, आणि मे २००९ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. अ‍ॅशली क्लब विकायला निघाले होते, गिऱ्हाईक मिळालं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं की क्लब विकणार नाही, पण स्टेडियमच्या नावाचे हक्क विकणार. ओरड झाली तेव्हा व्यवस्थापकीय संचालक डेरेक लँबायस यांनी मधला मार्ग काढला: उरलेल्या हंगामापुरतं नाव 'स्पोर्ट्सडायरेक्ट डॉट कॉम अ‍ॅट सेंट जेम्स पार्क स्टेडियम'. हे नाव एका दमात म्हणून दाखवणारा कॉमेंटेटर अजून जन्माला यायचा आहे. म्हणे, प्रायोजकाचं नाव जुन्या नावाच्या शेजारी कसं दिसतं याचा हा नमुना. दिसलं ते वेब-पत्त्यासारखंच.

खरा दणका नोव्हेंबर २०११ मध्ये बसला. संघ वर परत आला होता, अ‍ॅलन पार्ड्यू यांच्या हाताखाली जोरात खेळत होता, आणि क्लबने सांगितलं की यापुढे स्टेडियमचं नाव स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना. 'सेंट जेम्स पार्क' हे नाव व्यापारी दृष्ट्या आकर्षक नाही, ते असताना दुसरा प्रायोजक यायला तयार होणार नाही, असं कारण दिलं गेलं. स्पोर्ट्स डायरेक्ट या नावासाठी क्लबला काही देत नव्हती. बाहेरच्या गिऱ्हाइकाला माल कसा दिसेल हे दाखवायला मालकाने स्वतःच्या दुकानाची पाटी फुकटात लावून घेतली होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण या प्रकरणावर लिहिणारे ती बहुधा विसरतात. चाहते हरण्यामुळे चिडले नव्हते. २०११-१२ च्या त्या हंगामात डेम्बा बा आणि जानेवारीत आलेला पापिस सिसे यांच्या गोलांवर न्यूकॅसल पाचव्या क्रमांकावर आला, कित्येक वर्षांतली सर्वांत चांगली कामगिरी. शनिवारी स्टेडियममध्ये आनंद आणि बाहेर संताप, असं एकाच वेळी चाललं होतं. २०१२ च्या सुरुवातीला स्टेडियमवरची जुनी अक्षरं उतरवली गेली. बोलताना नवं नाव घेतलं की समोरचा माणूस दुरुस्त करायचा. आणि त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिम्पिकचे फुटबॉल सामने इथे झाले. ऑलिम्पिकमध्ये बाहेरच्या प्रायोजकांची नावं चालत नाहीत, त्यामुळे जगभरच्या तिकिटांवर आणि टीव्हीवर पुन्हा सेंट जेम्स पार्क आलं. अ‍ॅशलींना जे नको होतं ते ऑलिम्पिक समितीच्या नियमाने करून दाखवलं.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये या प्रकरणाने असं वळण घेतलं की हसावं की रडावं कळेना. वाँगा नावाची कंपनी शर्टची प्रायोजक म्हणून आली. तिने स्टेडियमच्या नावाचे हक्कही घेतले आणि जाहीर केलं की नाव पुन्हा सेंट जेम्स पार्क. वाँगाचा धंदा म्हणजे पगार होईपर्यंतची उचल, ऑनलाइन, मिनिटांत. तिचा व्याजदर वर्षाच्या हिशेबाने ४,००० टक्क्यांच्या वर जायचा. ज्या शहरात कोळसा आणि जहाजबांधणी दोन्ही संपलेली, तिथे अशा कर्जाचा अर्थ काय हे सांगायला नको. महापालिकेचे नेते निक फोर्ब्स यांनी या सौद्यावर सडकून टीका केली. म्हणजे गावाचं गहाण पडलेलं नाव सोडवलं सावकाराने. चाहत्यांना पाटी परत मिळाल्याचा आनंद होता आणि शर्ट घालताना लाज वाटत होती. पुढच्याच वर्षी सिसेने धर्मश्रद्धेमुळे वाँगाचं नाव अंगावर घालायला सुरुवातीला नकार दिला तेव्हा तो प्रश्न अधिकच उघडा पडला. वाँगा २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मला या गोष्टीत सर्वांत बोलकं वाटतं ते हेच: वाँगाने चाहत्यांच्या रागाची किंमत ओळखली. स्वतःचं नाव लावून जितकं मिळालं असतं त्यापेक्षा जास्त, ते न लावून मिळवता येईल, हा हिशेब होता. आणि तो पुढे इतरांनीही केला.

हॅम्बर्गचं फोल्क्सपार्कस्टॅडियन १९५३ चं. ते नव्याने बांधल्यावर २००१ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने पाच वर्षांसाठी सुमारे दीड कोटी युरो मोजून नाव घेतलं. जर्मनीतले हे सुरुवातीचे मोठे सौदे. २००७ मध्ये एचएसएच नॉर्डबँक अरेना झालं. त्या बँकेला २००९ मध्ये सरकारी पैशाने वाचवावं लागलं. २०१० मध्ये इमटेक अरेना. कट्टर चाहते या सगळ्या काळात फोल्क्सपार्कच म्हणत राहिले. २०१५ मध्ये हॅम्बर्गचेच अब्जाधीश क्लाउस-मिखाएल क्यूने यांनी वर्षाला सुमारे ४० लाख युरो देऊन हक्क घेतले आणि जुनं नाव परत लावलं. त्याच उन्हाळ्यात इमटेकची जर्मन शाखा दिवाळखोरीत निघाली, ही हॅम्बर्गकरांना फुकट मिळालेली गंमत.

न्यूरेंबर्गमध्ये चाहत्यांनी तर जुनं नावही मागितलं नाही. फ्रांकेनस्टॅडियनचं इझीक्रेडिट झालं, मग ग्रुंडिग झालं, आणि ते सतत सांगत राहिले की नाव मॅक्स मॉरलॉकचं द्या. मॉरलॉक न्यूरेंबर्गचा, १९५४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये हंगेरी २-० ने पुढे असताना पश्चिम जर्मनीचा पहिला गोल करणारा. २०१७ मध्ये कॉन्सर्सबँक पुढे आली, चाहत्यांनीही वर्गणी काढली, आणि स्टेडियम मॅक्स-मॉरलॉक-स्टॅडियन झालं. बँकेचं नाव पाटीवर नाही; पण या बँकेने काय केलं हे न्यूरेंबर्गमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

डॉर्टमुंडने वेगळा रस्ता धरला. २००५ च्या मार्चमध्ये क्लब अक्षरशः बुडायच्या काठावर होता. स्टेडियमच विकून भाड्याने राहायची वेळ आली होती. डिसेंबरमध्ये वेस्टफालेनस्टॅडियनचं सिग्नल इडुना पार्क झालं. विमा कंपनी शहरातलीच, पैसा जगण्यासाठी. बोलण्यात आजही वेस्टफालेन आहे, पण बंड झालं नाही. आणि हॅम्बर्गच्याच सेंट पॉली या दुसऱ्या क्लबच्या सभासदांनी २००७ मध्ये ठराव करून टाकला की आपल्या मिलर्नटोर स्टेडियमचं नाव विकायचंच नाही. तिथे क्लब सभासदांचा आहे म्हणून ते जमलं. न्यूकॅसलकरांना मतच नव्हतं.

बार्सिलोनाच्या सभासदांना होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्पॉटिफायचा करार मोठ्या बहुमताने मंजूर केला. क्लबवर सव्वाशे कोटी युरोंच्या वर कर्ज होतं. पण स्टेडियमचं जुनं नाव 'कॅम्प नू' पुसलं नाही, पुढे 'स्पॉटिफाय' लावलं. आणि यूरोपच्या स्पर्धांमध्ये यूएफा या यूरोपीय फुटबॉल संघटनेच्या नियमामुळे प्रायोजकाचं नाव तसंही गळतं. म्युनिकचं अलियान्झ अरेना तिथे फूसबाल अरेना म्युनिक होतं.

न्यूकॅसलच्या गोष्टीला एक शेपूट आहे, ते सोडलं तर हिशेब अर्धवट राहील. नाव परत आलं तरी स्पोर्ट्स डायरेक्टचे फलक स्टेडियमभर तसेच राहिले. २०१३ मध्ये स्टेडियममधल्या शिअरर्स बारचं नावही बदललं. अ‍ॅलन शिअरर हा क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, आणि त्या बारचं नाव 'नाइन' झालं, त्याच्या जर्सीचा नंबर तेवढा उरला. ऑक्टोबर २०२१ मध्ये अ‍ॅशलींनी क्लब ३० कोटी पौंडांच्या वर किमतीला विकला, सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालच्या गटाला. स्टेडियमबाहेर हजारो लोक नाचले. अ‍ॅम्नेस्टीसारख्या संघटना मानवी हक्कांकडे बोट दाखवत होत्या, त्या संध्याकाळी त्यांचं ऐकायला फारसं कुणी नव्हतं. डिसेंबरमध्ये स्पोर्ट्स डायरेक्टचे फलक उतरवले गेले, बारवर शिअररचं नाव परत आलं. २०२३ मध्ये शर्टवर सेला या सौदी कंपनीचं नाव आलं, तेव्हाही स्टेडियमच्या पाटीला नव्या मालकांनी हात लावला नाही.