दिंडीमागची चिठ्ठी: जुन्या रहस्यकथांवरून हाताने कार्डे करण्याचे माहितीपत्रक

हे पत्रक संचासोबत येते. संचात ए४ आकाराचे २५० जीएसएमचे (चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारे) चार पांढरे कागद, दोन काळे मॅट कार्डपेपर, एक पारदर्शक शीट, दोन पायांच्या चार पितळी पिना आणि एक पांढरी मेणबत्ती आहे. कात्री, कटर, स्टीलची पट्टी, कंपास, कोनमापक, दाभण, काळा परमनंट मार्कर, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि शाई संपलेले बॉलपेन घरचे घ्यावे.

पण कात्रीच्या आधी पुस्तक. लहानपणी वाचलेली एखादी रहस्यकथा पुन्हा वाचा आणि शेजारी कागदाचे कपटे ठेवा. चोर कोण हे आठवत असतेच, त्यामुळे या वाचनात लक्ष वस्तूंकडे द्यायचे: कंदील, कोनाड्यातली किल्ली, आडावरचा रहाट, चिखलातला ठसा, फाटलेले तिकीट, माळ्यावरची ट्रंक. एका कपट्यावर एकच वस्तू. पुस्तक संपल्यावर दहा-बारा कपटे जमले असतील, तर कार्डासाठी चार पुरेत. चारच्या वर वस्तू घातल्या की कार्डाचे प्रदर्शन होते आणि गुपित हरवते.

जुन्या पुस्तकांचे रूप हवे असेल तर रंग आवरा. काळा, विटकरी आणि मोहरीचा पिवळा एवढेच वापरा. खोडरबर कोरून ठसे करा आणि दुसऱ्या रंगाचा ठसा मुद्दाम एक मिलिमीटर सरकवून उमटवा. स्वस्त छपाईत रंग असेच सरकलेले असत, म्हणून हा दोष इथे शोभतो. जुन्या पुस्तकाची पाने मात्र कापू नका. तो कागद आम्लधर्मी असतो, घडीवर तुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या कागदावर पिवळा डाग सोडतो. कार्डे विकणार असाल तर मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्सही नको. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे भारतात त्या चित्रावर स्वामित्वहक्क राहतो.

कार्ड आणि दिंडी

ए४ कागद मधोमध दुमडला की १४८ × २१० मिमीचे कार्ड होते. दुमडण्याआधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने घडीची रेघ दोनदा दाबून ओढा. ए४ कागदाचे तंतू बऱ्याचदा लांब बाजूने धावतात आणि आपली घडी त्यांना आडवी जाते, म्हणून न दाबता दुमडलेला कागद घडीवर फुटतो आणि पांढरे तंतू वर येतात.

पुढच्या पानावर ८० × ११० मिमीचा वाड्याचा दरवाजा काढा आणि त्याच्या पोटात २८ × ४५ मिमीची दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातले छोटे दार. दिंडीच्या तीन बाजू कटरने कापा, चौथी फक्त दाबा. दरवाजावर खिळे काढताना बहुतेक काळे ठेवा आणि तीन पिवळे करा. हे तीन खिळे पुढे उपयोगी पडणार आहेत. आमच्या मते रहस्यकार्डाचा पहिला नियम हाच: सोडवायला लागणारी प्रत्येक गोष्ट कार्डातच, उघड्यावर असली पाहिजे. पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे लागले तर कार्ड फसले.

अक्षरचक्र

अक्षरचक्र म्हणजे गुप्त मजकूर लिहिण्यासाठी एकावर एक फिरणाऱ्या, कडेला अक्षरे असलेल्या दोन चकत्या. इंग्रजी चक्रात २६ घरे असतात. मराठीत क पासून ज्ञ पर्यंत, ळ आणि क्ष धरून, ३६ व्यंजने होतात. ३६० अंशांत ३६ घरे म्हणजे प्रत्येक घर नेमके १० अंशांचे, त्यामुळे कोनमापकाने आखणी सोपी जाते. बाहेरची चकती ११० मिमी व्यासाची, आतली ८० मिमीची. आतल्या चकतीच्या कडेला एका घराला सुमारे ७ मिमी रुंदी मिळते. याहून लहान चकती केली तर ‘क्ष’ शेजारच्या घरात घुसतो.

दोन्ही चकत्यांवर अक्षरे घड्याळाच्या दिशेनेच लिहा. मध्यावर दाभणाने भोक पाडून पिन घाला आणि पाय दुमडताना एका कागदाच्या जाडीएवढी सैल ठेवा. घट्ट झाली तर चक्र फिरवताना भोक फाटते.

आता खिळे तीन, म्हणून बाहेरच्या ‘क’समोर आतला ‘घ’ आणा. खरे अक्षर बाहेर शोधायचे, त्याच्या समोरचे आतले लिहायचे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार जागच्या जागी राहतात. अ, आ, इ असे सुटे स्वरही बदलत नाहीत. जोडाक्षरातले प्रत्येक व्यंजन वेगळे बदलते. ‘भेट’चे ‘रेढ’ होते आणि ‘गच्चीवर ये’चे ‘चझ्झीसश वे’. वाचणारा उलट जातो, आतून बाहेर. सर्वात जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो, म्हणून बाहेरच्या चकतीवर ‘खरे’ आणि आतल्या चकतीवर ‘गुप्त’ असे बारीक लिहून ठेवा.

या लिपीची एक कच्ची बाजू ओळखून असा. मात्रा तशाच राहत असल्याने ‘आहे’ लगेच सापडतो. तीन घरे सरकवल्यावर त्याचा ‘आज्ञे’ होतो, आणि ‘आ’ने सुरू होऊन एकाराने संपणारा दोन अक्षरी शब्द मराठी वाक्याच्या शेवटी दिसला की चाणाक्ष मूल बरोबर ओळखते. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी ‘आहे’ असू द्या, कारण तोच त्याचा पहिला धागा. मोठ्यांसाठी मजकूर ‘आहे’शिवाय लिहा. ‘च’ची भाषा बोलताना खुलते, पण कागदावर पहिल्या ओळीतच उघडी पडते. ती इथे वापरू नका.

बॅटरीचा झोत

पुस्तकातली विजेरी म्हणजे आपली बॅटरी. काळ्या मॅट कागदाचा १३० × १०० मिमीचा तुकडा घ्या आणि तेवढीच पारदर्शक शीट. शीटवर काळ्या मार्करने, सुमारे १ मिमी जाडीच्या रेघेने वस्तू काढा, प्रत्येक २५ मिमीच्या आत आणि एकमेकींपासून लांब. दहा मिनिटे वाळू द्या. शीट काळ्या कागदावर ठेवली की चित्र नाहीसे होते. वरची, खालची आणि डावी कड ५ मिमी रुंदीच्या टेपने चिकटवा, उजवी उघडी ठेवा.

पांढऱ्या जाड कागदातून १३० मिमी लांबीची बॅटरी कापा. त्यातला ८५ मिमी झोत असू द्या, टोकाला ३५ मिमी रुंद आणि गोल, उरलेली ४५ मिमी मूठ काळी रंगवा. उजवीकडून झोत आत सरकवला की काळ्या रेघांमागे पांढरे येते आणि झोताखालची तेवढीच वस्तू दिसते. कार्डातला सर्वात सुंदर क्षण हा आहे, म्हणून इथे हात राखू नका.

बिघडते ते साधारण असे. चकचकीत काळा कागद वापरला तर उजेडात सगळे चमकते. मार्कर ओला असताना बोट लागले तर डाग पडतो. कापसाला थोडे स्पिरिट लावून तो पुसता येतो. चित्र शीटच्या खालच्या बाजूला काढले तर झोत घासून रेघा जातात, आणि अक्षरे उलटी लिहावी लागतात. पातळ गोंद टाळा. त्यातल्या पाण्याने काळा कागद फुगतो आणि झोत अडकतो.

हळदीची चिठ्ठी

हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. ३० मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये अर्धा छोटा चमचा हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि वरचे पिवळे पाणी ६० × १२० मिमीच्या ड्रॉइंग पेपरच्या पट्टीवर ब्रशने लावा. गॅस पेटता नको, हे काम मोठ्यांनीच करावे. पट्टी पूर्ण वाळल्यावर तिच्यावर मेणबत्तीने दाबून लिहा. क्रम उलटा झाला, मेण आधी आणि हळद नंतर, तर अक्षरे पांढरी राहून लगेच दिसतात.

वाचणाऱ्याने अर्धी वाटी पाण्यात पाव छोटा चमचा खायचा सोडा घालून पट्टीवर फिरवायचा. क्षाराने हळद तांबूस होते, चुना लागला की होते तशीच. मेणाखालची अक्षरे पिवळी राहतात. साबणाच्या पाण्यानेही रंग बदलतो, पण ते मेणाच्या कडांखाली शिरते आणि अक्षरे पसरतात. हळद उन्हात उडते, म्हणून पट्टी पाठवण्याच्या आदल्या दिवशी करा आणि दिंडीमागे काळ्या कागदात गुंडाळून ठेवा.

एका कार्डात चक्र, झोत आणि हळद यांपैकी एकच घ्या. दिंडी मात्र तिन्हींना चालते. चक्र नसलेल्या कार्डात पिवळे खिळे काढू नका, वाचणारा त्यांचा अर्थ शोधत बसतो.

टपालाने पाठवताना वजन करा. २५० जीएसएमचा ए४ कागदच सुमारे १६ ग्रॅम भरतो आणि पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे, तेव्हा पाकीट धरून जादा तिकीट लागेल असे समजूनच चला. १६२ × २२९ मिमीच्या पाकिटात कार्ड मोकळे बसते. चक्राची पिन पाकिटावर उठून दिसते आणि घासून कागद फाडते, म्हणून पिनेच्या वर आणि खाली पुठ्ठ्याची एकेक चकती टेपने लावा.