बसून स्कीइंग: आधी सीट, मग स्की

पायांवर उभं राहून स्कीइंग जमत नसेल, तर सीटवर बसून करता येतं. त्याची साधनं घ्यायला आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक ग्राहक स्कीची लांबी विचारतात. आम्ही मात्र सुरुवात सीटपासून करतो. मोनोस्कीवर, म्हणजे एकाच स्कीवर बसवलेल्या सीटवर, कंबर कलली की त्याच क्षणी स्कीची कड बर्फात रुतायला हवी. सीट ढिली असेल तर अंग वळतं आणि स्की सरळच जाते. बूट जसा पायात बसतो तशी सीट अंगाला बसली पाहिजे, घट्ट, पण कुठेही न रुतणारी.

मोनोस्कीत सीटखाली शॉक ॲब्सॉर्बर आणि एकच स्की असते. हातांत ताकद आणि धडावर ताबा असेल तर ती घ्या. तोल सांभाळणं अवघड जात असेल तर बायस्की बरी. तिला दोन स्की असतात आणि मागून प्रशिक्षक दोर धरून वेग आवरतो. बायस्की घेणं म्हणजे तडजोड, असं कृपया समजू नका. उताराचा वारा तोंडावर तितकाच लागतो!

तोल सांभाळायला दोन्ही हातांत आउटरिगर नावाच्या काठ्या असतात. त्यांना कोपराखाली आधार आणि टोकाला छोटी स्की असते. एका पायावर उभं राहून स्कीइंग करणारेही एक स्की आणि दोन आउटरिगर वापरतात. बर्फात तीन रेघा उमटतात, म्हणून त्याला थ्री-ट्रॅक म्हणतात. १९७६ साली स्वीडनमध्ये पहिले हिवाळी पॅरालिम्पिक झाले, तेव्हा अवयव गमावलेले आणि दृष्टिबाधित खेळाडूच उतरले होते. बसून खेळणाऱ्यांना संधी नंतर मिळाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कमरेखाली संवेदना नसेल तर सीटमध्ये बसण्याआधी मागचे खिसे रिकामे करा. किल्ली, पाकीट, अगदी पँटची चुणीसुद्धा त्वचेवर जखम करते आणि ती कळतही नाही. युरिन बॅगची नळी पट्ट्याखाली दबलेली नाही ना, हे हात फिरवून बघा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्वचा तपासा. लाल डाग जात नसेल तर त्या दिवशी पुन्हा बसू नका, सीट आमच्याकडे आणा. पायांना थंडी कळत नाही, म्हणून मोजे कोरडे ठेवा. गरम पॅक थेट त्वचेवर ठेवू नका, भाजतं.

चेअरलिफ्टसाठी, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या टांगत्या खुर्चीसाठी, मोनोस्कीची सीट वर उचलण्याची सोय असते. ती सपाट जागेवर दहा-बारा वेळा करून बघा, मगच रांगेत जा. लिफ्टवाल्याला वेग कमी करायला आधीच सांगा, त्यात संकोच नको.

मापासाठी येताना व्हीलचेअरवरची रोजची उशी आणि स्कीइंगचे कपडे बरोबर आणा. जाड पँटने माप बदलतं.