देवनार कचराभूमीतील आगी

देवनार कचराभूमीतील आगी : मुंबईच्या पूर्व भागात, ठाणे खाडीच्या काठी असलेल्या महापालिकेच्या कचराभूमीत वारंवार लागणाऱ्या आगी. १९२७ पासून वापरात असलेली ही जागा देशातील सर्वांत जुन्या कचराभूमींपैकी एक असून गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि मानखुर्द या दाट वस्त्या तिला अगदी लागून आहेत.

ओल्या कचऱ्याचे थर एकमेकांखाली दबले की हवेविना कुजू लागतात आणि त्यातून मिथेन व कार्बन डायऑक्साइड जवळजवळ सारख्या प्रमाणात बाहेर पडतात. हवेत ५ ते १५ टक्के मिसळलेला मिथेन ठिणगीने पेट घेतो. ही ठिणगी कधी कुजण्याच्या उष्णतेतून येते, तर कधी भंगारातील तांबे सुटे करण्यासाठी वायरी जाळल्याने. वरची ज्वाळा पाण्याने विझली तरी आत प्लास्टिक, चिंध्या आणि रबर कित्येक दिवस धुमसत राहते. म्हणून पोकलेनने ढीग उकरून, निखारे वेगळे करून त्यांवर माती टाकावी लागते.

धुमसण्याचा धोका ज्वाळेपेक्षा अधिक आहे, ही गोष्ट बातम्यांत सहसा हरवते. कचरा जाळण्याच्या, शास्त्रीय पद्धतीने चालवलेल्या भट्टीत तापमान ८५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवले जाते. ढिगाऱ्याच्या पोटात मात्र तापमान कमी आणि प्राणवायू अपुरा असल्याने ज्वलन अर्धवट होते. परिणामी कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन व सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५) धुरात मिसळतात, आणि पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळत असल्यास डायॉक्सिन व फ्युरान ही विषारी रसायनेही तयार होतात. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते, त्यामुळे धूर वर न जाता घराघरांत शिरतो.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेली आग अनेक दिवस टिकली, तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये आग पुन्हा भडकली. त्याच वर्षी कचरा व्यवस्थापनातील त्रुटींवर बोट ठेवत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर बंदी घातली.

डोळ्यांची जळजळ, खोकला व धाप ही लक्षणे लगेच दिसतात; दमा किंवा हृदयविकार असलेल्यांचा त्रास बळावतो. पीएम २.५ चे कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तर कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनशी जखडून शरीराला मिळणारा प्राणवायू घटवतो. डायॉक्सिन चरबीत साठून वर्षानुवर्षे राहते व त्याचा सर्वांत विषारी प्रकार निश्चित कर्करोगकारक मानला गेला आहे. सर्वाधिक झळ लागते ती ढिगाऱ्यावर उघड्या हातांनी काम करणाऱ्या कचरावेचकांना आणि पत्र्याच्या खोल्यांत वाढणाऱ्या लहान मुलांना. पीएम २.५ साठी भारताची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. संपूर्ण शहराची सरासरी तिच्या आत असतानाही या गल्ल्यांतील हवा श्वास घेण्याजोगी असेलच असे नाही. तेव्हा मोजणीयंत्र वस्तीतच बसवले पाहिजे.

आगी टाळण्यासाठी ओला कचरा उगमापाशीच वेगळा करणे, रोजच्या कचऱ्यावर मातीचा थर देणे आणि उभ्या नळ्यांवाटे वायू काढून घेणे हे उपाय आहेत. साठलेला जुना कचरा चाळून हटवण्याच्या प्रक्रियेला बायोमायनिंग म्हणतात. या कामातही थर उघडताच आतल्या तापलेल्या कचऱ्याला प्राणवायू मिळून तो पेटू शकतो, त्यामुळे खोदकामाबरोबर तापमान आणि वायूची सतत तपासणी करावी लागते.