तेलटंचाईतून उसाच्या मळीपर्यंत

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर साखर कारखान्यांच्या काट्यापुढे रांग धरतात. त्याच कारखान्यांच्या फाटकातून आता इथेनॉलचे, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलचे टँकरही बाहेर पडतात. उसाचं असं इंधन होण्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाचं इस्रायलशी युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ उजाडता उजाडता बाराच्या घरात गेला. नेदरलँड्सने रविवारी मोटारी बंद केल्या, अमेरिकेने महामार्गावर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. आपल्याकडे अटलबिहारी वाजपेयी दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. यातलं बरंचसं तात्पुरतं ठरलं. टिकले ते दूरचा विचार करून घेतलेले निर्णय. फ्रान्सने १९७४ मध्ये अणुविजेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था उभी राहिली आणि सदस्य देशांनी किमान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा ठेवायचा, असं पुढे ठरलं.

भारताला फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायमध्ये तेल सापडलं. त्या आनंदात साठ्याचा विचार मागे पडला. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा पुन्हा चटका बसला. रॉकेलच्या टंचाईचे दिवस सीमाभागातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाहीत. रेशन दुकानापुढे डबे रांगेला लावून बायका घरची कामं उरकून यायच्या. तरीही तेलाच्या भूमिगत साठ्यांसाठी स्वतंत्र कंपनी व्हायला २००४ साल उजाडलं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या खडकातल्या गुहांत मिळून ५३.३ लाख टन कच्चं तेल मावतं, म्हणजे २०१९-२०च्या वापराप्रमाणे देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. यातल्या दोन जागा कर्नाटकातच आहेत. इतका उशीर आणि इतका तोकडा साठा, हे मला अक्षम्य वाटतं.

ब्राझीलची वाट वेगळी होती, आणि ऊसवाल्यांनी ती नीट पाहावी. १९७५ मध्ये तिथल्या सरकारने उसापासून अल्कोहोल काढून मोटारी चालवायचं ठरवलं. १९८०च्या दशकाच्या मध्यात तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी बहुतेक त्यावरच धावत होत्या. मग १९८६ मध्ये तेल गडगडलं, पुढे साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि दशक संपता संपता अल्कोहोलच्या गाड्या पंपावर ताटकळल्या. दोन्ही इंधनं कोणत्याही प्रमाणात चालणाऱ्या मोटारी २००३ मध्ये आल्या, तेव्हा कुठे लोकांचा विश्वास परतला.

भारतात २००३ मध्ये काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉलचं मिश्रण सुरू झालं, पण बरीच वर्षं ते रेंगाळलं. खरा वेग आला २०१८ नंतर. बी-हेवी मळी (साखर पूर्ण न काढता बाजूला घेतलेली मळी) आणि थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला वेगळा, चढा दर मिळाला. साखरेच्या पोत्यांपेक्षा लवकर हाती येणाऱ्या या पैशावर बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांनीही डिस्टिलरीत, म्हणजे इथेनॉल गाळण्याच्या प्रकल्पात गुंतवणूक केली. वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये ते गाठलंही.

मधेच २०२३ चा दुष्काळ पडला. साखर कमी पडेल या भीतीने डिसेंबरात केंद्राने रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. ब्राझीलमध्ये गाडीवाले अडकले होते. इथे कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने अडकले, आणि त्यांच्या मागे उसाच्या बिलाची वाट पाहणारा शेतकरी.