छतावरच्या विजेची ग्रिड-जोडणी : नियमांची पार्श्वभूमी

2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 86 ने नवीकरणीय ऊर्जेला ग्रिडशी, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याशी, जोडण्याची सोय पाहण्याचे काम राज्य वीज नियामक आयोगांकडे सोपवले. तरीही गच्चीवरच्या सौर पॅनेलांतून तयार झालेली वीज वितरण कंपनीच्या तारांत उलट सोडायची कशी आणि तिचा हिशेब कसा ठेवायचा, याची नियमावली महाराष्ट्रात यायला 2015 चा सप्टेंबर उजाडला.

तांत्रिक बाजू त्याआधीच, 2013 मध्ये, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या मानकांनी बरीचशी मार्गी लावली होती. पुरवठा बंद करून लाइनमन खांबावर चढलेला असताना एखाद्या घराचा सौर इन्व्हर्टर त्याच तारेत वीज सोडत राहिला, तर जीव जाऊ शकतो. म्हणून ग्रिड बंद पडताच यंत्रणेने 2 सेकंदांच्या आत स्वतःहून सुटे व्हावे, असे बंधन आले. भर उन्हातही वीज गेली की बिनबॅटरीचे पॅनेल निकामी बसतात ते यामुळे, आणि हे अनेक ग्राहकांना पैसे मोजून झाल्यावर कळते.

खरा वाद पैशाचा होता. 2015 च्या नियमांनी 1 मेगावॉटपर्यंत नेट मीटरिंग, म्हणजे ग्रिडला दिलेली युनिटे वापरलेल्या युनिटांतून वजा करण्याची सोय, दिले, मात्र एका रोहित्रावरील (ट्रान्सफॉर्मरवरील) अशा यंत्रणांची एकूण क्षमता साधारणपणे रोहित्राच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतच ठेवली. उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरांतून शेती आणि लहान घरगुती ग्राहकांची सवलत भागते. चढे दर देणारे हेच ग्राहक छतावरून वीज काढू लागल्यावर वितरण कंपन्यांची चिंता वाढणे स्वाभाविक होते. राज्य आयोगाच्या नव्या नियमांच्या 2019 च्या मसुद्यात नेट मीटरिंग दरमहा 300 युनिटपुरते आखडण्याचा प्रस्ताव आला, तो याच ओढाताणीतून. त्यावर हरकतींचा पाऊस पडला. 30 डिसेंबर 2019 च्या अंतिम नियमांत 1 मेगावॉटची मर्यादा टिकली, रोहित्राची मर्यादा 70 टक्क्यांवर गेली आणि नेट बिलिंगचा, म्हणजे छतावरची वीज कंपनीने ठरलेल्या दराने विकत घेण्याचा, पर्याय शेजारी येऊन बसला.

केंद्राचीही धरसोड कमी नव्हती. 31 डिसेंबर 2020 च्या ग्राहक हक्क नियमांनी नेट मीटरिंग 10 किलोवॉटपुरते ठेवले. जून 2021 मध्ये ते 500 किलोवॉटपर्यंत वाढवावे लागले. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या (ही जोडणी जाळ्याला झेपेल का, याच्या) तपासणीतून मोकळे केले, आणि 5 किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणांसाठी वितरण जाळ्यात लागणारी सुधारणा कंपनीनेच स्वखर्चाने करावी, असे ठरवले.