बजी आणि लव्हबर्ड: ‘जोडी द्या’ म्हणण्याआधी

छोटा पोपट पाळायचा म्हणून लोक दुकानात जातात, ‘लव्हबर्डची जोडी द्या’ म्हणतात आणि बजी घेऊन घरी येतात. दुकानदारही बजीला लव्हबर्डच म्हणतो, त्यामुळे कुणाला काही खटकत नाही. पंचाईत नंतर होते. बजीवर हात बसला की हौस वाढते, खरा लव्हबर्ड घरात येतो आणि त्याला बजीचेच नियम लावले जातात.

बजी सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला, सडपातळ, लांब निमुळत्या शेपटीचा, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. वजन तीस-चाळीस ग्रॅम. लव्हबर्ड आफ्रिकेतला. त्याच्या नऊ जाती, त्यांतली एक मादागास्करची. आपल्याकडे जास्त दिसतात त्या गुलाबी-केशरी चेहऱ्याची पीच-फेस आणि डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेली फिशर. अंग ठेंगणं, शेपूट आखूड आणि चोच अंगाच्या मानाने भलतीच दणकट. शेपूट बघितली तरी ओळख पटते, यात अवघड काही नाही.

लोक फसतात ते जोडी घेताना. बजीची जोडी डोळ्यांनी निवडता येते. चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती मेणासारखा गुळगुळीत भाग असतो. पक्षी पाळणारे त्याला सरळ ‘नाक’ म्हणतात. मोठ्या नराचं नाक निळं, मादीचं तपकिरी किंवा पांढुरकं. पिल्लांमध्ये मात्र जरा सांभाळून. तीन-चार महिन्यांपर्यंत कपाळावरच्या रेघा थेट नाकापर्यंत येतात आणि नराचं नाक गुलाबी-जांभळट दिसतं. त्या वयात फिकट निळं नाक आणि नाकपुडीभोवती पांढरी कडी असेल, तर ती बहुधा मादी. निळं दिसलं म्हणून नर समजू नका. पिवळ्याधमक आणि पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या बजींमध्ये नराचं नाक जन्मभर गुलाबीच राहतं.

पीच-फेस आणि फिशरमध्ये यातलं काहीच चालत नाही. नर-मादी सारखेच दिसतात. दुकानदार पक्षी उलटा धरतो, पोटाखालची हाडं बोटाने चाचपतो आणि ‘हा नर, ही मादी’ असं ठणकावून सांगतो. कोवळ्या पक्ष्यात हा निव्वळ अंदाज. दोघं एकमेकांची पिसं साफ करतात, चिकटून बसतात, म्हणून जोडी पक्की असंही नाही. दोन माद्याही हेच करतात. दोघी घरट्यासाठी टांगलेल्या एकाच पेटीत अंडी घालतात. एका मादीची साधारण चार ते सहा असतात. आठ-दहा दिसली की घरात आनंदीआनंद. मग दिवस सरतात, एकही फुटत नाही आणि खापर फुटतं दाण्यावर नाहीतर हवेवर. खात्री हवी असेल तर ताजी उपटलेली चार पिसं प्रयोगशाळेत पाठवून डीएनए तपासणी करायची. दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

मुळात पिल्लं नकोच असतील तर जोडीचा एवढा हट्ट का? एकटा पक्षी झुरून मरतो, हे सरसकट खरं नाही. घरात कुणी दिवसातले दोन-चार तास देणार असेल तर एकटा बजी माणसांत मजेत राहतो. सगळेच दिवसभर बाहेर असतील तर दोन नर बजी घ्या. माझी पहिली पसंती कायम हीच. पिंजऱ्यात घरट्याचं मडकं टांगू नका. दुकानदार ते पिंजऱ्याबरोबर हमखास गळ्यात मारतो आणि मडकं दिसलं की मादी अंड्यावर अंडी घालत राहते. त्यात तिच्या अंगातला कॅल्शियम संपतो, अंडं अडकतं आणि कधी जीवही जातो.

आणि कृपा करून बजी आणि लव्हबर्ड एका पिंजऱ्यात कोंबू नका, पिंजरा कितीही मोठा असो. लव्हबर्ड हद्दीवरून भांडतो, मादी तर जास्तच, आणि चावतो तो बजीच्या पायाला. बोट तुटलेला बजी बघितला की मला पहिला संशय हाच येतो.

बाकी थोडक्यात. बोलका पोपट हवा असेल तर नर बजी. अमेरिकेतल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. लव्हबर्ड क्वचितच बोलतो, किंचाळतो मात्र भरपूर; चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये विचार करा. बजी ५ ते १० वर्षं जगतो, लव्हबर्ड १० ते १५. दोघांनाही नुसत्या राळ्यांवर ठेवू नका. पालक, कोथिंबीर, किसलेलं गाजर द्या, कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस लावा. अॅव्होकॅडो विषारी आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको.

कायद्यातही फरक आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर ‘साइट्स’ (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी पक्षी पाळले तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. बजी आणि पीच-फेस त्या यादीत नाहीत, फिशर आहे. पावती जपून ठेवा, त्यावर जातीचं नाव लिहून घ्या; ‘लव्हबर्ड’ एवढंच लिहिलेलं उपयोगाचं नाही. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट तर पाळायचाच नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आजीच्या घरी पूर्वी असला तरी. झाडावरून पडलेलं पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.