नियंत्रण तक्ता

यंत्रावर एकामागून एक निघणाऱ्या नगांतून ठरावीक वेळाने थोडे नग मोजायचे आणि ती मोजमापे काळाच्या क्रमाने आलेखावर मांडायची, या पद्धतीने तयार होतो तो नियंत्रण तक्ता. त्यात मधोमध सरासरीची रेघ असते आणि वर-खाली दोन नियंत्रण मर्यादा असतात. कारखान्यात त्याला 'कंट्रोल चार्ट' म्हणतात, आणि त्यामागच्या सगळ्या पद्धतीला 'एसपीसी', म्हणजे सांख्यिकीय प्रक्रिया नियंत्रण. तयार मालातून खराब नग वेचून काढणे हे तपासणीचे काम. प्रक्रिया बिघडू लागली आहे याचा सुगावा नग खराब होण्याआधी लावणे हे तक्त्याचे काम. यंत्राला केव्हा हात लावायचा नाही हेही तक्ताच सांगतो, पण त्याबद्दल फारसे बोलले जात नाही.

इतिहास : या कल्पनेचे जनक अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट (१८९१–१९६७). वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी दूरध्वनीची सामग्री बनवत असे. तिच्या तपासणी विभागात असताना १६ मे १९२४ रोजी शूहार्टनी आपल्या वरिष्ठांना एक छोटेसे टिपण दिले. त्यातली आकृती म्हणजे पहिला नियंत्रण तक्ता. पुढे बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा विचार वाढवला आणि १९३१ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला.

शूहार्टचे म्हणणे ऐकायला साधे आहे. तेच यंत्र, तोच कारागीर, तोच माल असला तरी कोणतेही दोन नग हुबेहूब सारखे निघत नाहीत. हा फरक दोन प्रकारचा असतो. एक, प्रक्रियेच्या अंगचाच. बेअरिंगमधली किंचित ढील, कच्च्या मालाच्या कठीणपणातला चढउतार, कूलंटचे (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचे) तापमान अशी बारीकसारीक कारणे मिळून तो घडतो. त्यांतले एकेक कारण शोधत बसण्यात अर्थ नसतो. दुसरा फरक बाहेरून घुसलेला. इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, कड तुटली, बारचा लॉट बदलला, नव्या माणसाने जॉब नीट बसवला नाही. हा शोधता येतो आणि शोधायलाच हवा. पहिल्याची सामान्य कारणे, दुसऱ्याची विशेष कारणे. या दोहोंतली सीमा कुठे, एवढेच तक्ता दाखवतो.

रचना : समजा, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर २५ मिमी व्यासाचा शाफ्ट निघतो आहे आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे ०.०२० मिमी आहे. दर तासाला लागोपाठचे पाच नग मोजले. पाचांची सरासरी वरच्या आलेखावर आणि सर्वांत मोठ्या व लहान नगातला फरक, म्हणजे पल्ला, खालच्या आलेखावर मांडला. असे २०–२५ गट झाल्यावर सरासरींची सरासरी २५.००४ मिमी आणि पल्ल्यांची सरासरी ०.०१२ मिमी आली, असे धरू. पाच नगांच्या गटासाठीचा ठरलेला स्थिरांक ०.५७७. त्याने सरासरी पल्ल्याला गुणले की ०.००७ येतात. म्हणून वरच्या आलेखाच्या मर्यादा २५.०११ आणि २४.९९७. पल्ल्याची वरची मर्यादा २.११४ या स्थिरांकाने ०.०२५ येते, खालची शून्य.

या हिशेबात ड्रॉइंगचा टॉलरन्स कुठेच आला नाही, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त चुकवली जाणारी गोष्ट आहे. नियंत्रण मर्यादा ही प्रक्रियेने स्वतःबद्दल दिलेली माहिती, तर टॉलरन्स ही ग्राहकाची मागणी. तक्त्यावर टॉलरन्सच्या रेघा ओढून 'सगळे बिंदू आत आहेत' असे म्हणणाऱ्याकडे नियंत्रण तक्ता नसतो, साधा आलेख असतो.

मर्यादा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर असतात. (प्रमाण विचलन म्हणजे मांडलेले बिंदू सरासरीभोवती किती पसरतात याचे माप.) मोजमापे प्रसामान्य वितरण (घंटेच्या आकाराचा पसारा) पाळत असतील, तर काहीही बिघडलेले नसताना बिंदू बाहेर पडण्याची शक्यता ०.२७ टक्के, म्हणजे सुमारे ३७० बिंदूंत एखादी खोटी हाक. शूहार्टनी मात्र 'तीन' हा आकडा संभाव्यतेच्या कोष्टकापेक्षा व्यवहारावरून निवडला. उगाच शोधाशोध करण्याचा खर्च आणि खरा बिघाड नजरेतून सुटण्याचा खर्च यांचा मेळ तिथे बसतो, असा त्यांचा अनुभव होता.

वाचन : आधी खालचा, पल्ल्याचा आलेख पाहायचा. तो आटोक्यात नसेल तर वरच्या मर्यादांना अर्थ उरत नाही. बिंदू मर्यादेबाहेर गेला तर काम थांबवून कारण शोधायचे हे उघड आहे, पण आतल्या बिंदूंची चालही बोलते. लागोपाठ आठ बिंदू मधल्या रेघेच्या एकाच बाजूला आले, किंवा तीनपैकी दोन बिंदू एकाच बाजूला दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेले, तर सरासरी सरकली असे समजतात. हे नियम वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या हस्तपुस्तिकेतून रूढ झाले. बाहेरचा व्यास टर्न करताना इन्सर्ट झिजत गेला की व्यास हळूहळू वाढतो आणि बिंदू जिन्यासारखे वर चढू लागतात. बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, हाच जिना खाली उतरतो.

हात न लावण्याचे शहाणपण : नव्या ऑपरेटरची खोड अशी, की नग पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी) जाड निघाला की पाच मायक्रॉनचा ऑफसेट, म्हणजे यंत्राच्या मापात तेवढी दुरुस्ती, द्यायचा, पुढचा बारीक निघाला की उलटा द्यायचा. दिसायला ही दक्षता, पण प्रक्रिया मुळात स्थिर असेल तर प्रत्येक नगामागे अशी दुरुस्ती केल्याने फरकाचे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) थेट दुप्पट होते. प्रमाण विचलन सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हेच दाखवण्यासाठी नरसाळ्यातून गोटी सोडण्याचा प्रयोग करत. गोटी पडेल त्याच्या उलट दिशेला नरसाळे सरकवत राहिले, की गोट्या जास्तच विखुरतात.

क्षमता : प्रक्रिया आटोक्यात आहे म्हणजे माल चांगला आहे, असे नाही. वरच्या उदाहरणात एकेका नगाचे प्रमाण विचलन ०.०१२ भागिले २.३२६ (पाचांच्या गटाचा आणखी एक स्थिरांक), म्हणजे ०.००५२ मिमी येते. टॉलरन्सची पूर्ण रुंदी ०.०४० मिमी. तिला सहा प्रमाण विचलनांनी भागले की सीपी, म्हणजे क्षमतेचा निर्देशांक, १.२९ येतो. पण सरासरी चार मायक्रॉन वर सरकलेली असल्यामुळे सीपीके (सरासरी कुठे आहे हेही धरणारा निर्देशांक) जेमतेम १.०३ उरतो. वाहन उद्योगात चालू कामाला सहसा १.३३ आणि नव्या भागाच्या मंजुरीवेळी १.६७ मागतात. म्हणजे हा शाफ्ट तक्त्यावर शहाणा ठरला, तरी ग्राहकाकडे नापास होईल. ऑफसेट एकदाच, विचार करून, चार मायक्रॉन खाली घ्यावा लागेल, तेवढ्यानेही १.२९ च्या पुढे जाता येणार नाही. पुढची सुधारणा यंत्रात, फिक्श्चरमध्ये (नग पकडणाऱ्या साच्यात) किंवा मालात करावी लागते. ती ऑपरेटरच्या हातात नसते, व्यवस्थापनाच्या हातात असते.

या सगळ्याआधी मोजमापाचे साधन तपासावे लागते. ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे त्याहून बारीक न दाखवणाऱ्या) मायक्रोमीटरने वरचा तक्ता भरला, तर पल्ला शून्य, एक किंवा दोन घरांचाच दिसेल आणि तो तक्ता शाफ्टचा न राहता मायक्रोमीटरचा होईल.

अन्य प्रकार : मोजता न येणाऱ्या, पण मोजदाद करता येणाऱ्या दोषांसाठी सदोष नगांचे प्रमाण किंवा दोषांची संख्या मांडणारे तक्ते असतात. बारीक सरकण लवकर पकडण्यासाठी ई. एस. पेज यांचा संचित बेरजेचा तक्ता (१९५४) आणि एस. डब्ल्यू. रॉबर्ट्स यांचा घातांकी भारित सरासरीचा तक्ता (१९५९) वापरतात.

प्रसार : डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमध्ये दिलेली व्याख्याने प्रसिद्ध आहेत. त्यांच्या नावाचा पुरस्कार तिथे १९५१ पासून दिला जातो. स्वतः शूहार्ट मात्र त्याआधीच, १९४७-४८ मध्ये, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले होते, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. संस्थेने १९५० च्या दशकात उद्योगांसाठी गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे काढली. मुंबई आणि पुणे येथेही तिची अशी केंद्रे आहेत. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पुरस्कार मिळाला. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या छोट्या पुरवठादारांपर्यंत एसपीसी पोहोचले ते मुख्यतः वाहन कंपन्यांच्या अटींमधून.

अट म्हणून आलेली गोष्ट अटीपुरतीच पाळली जाते, तसे इथेही झाले. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर बसून भरलेले तक्ते ओळखणे कठीण नसते. एकाच पेनची शाई, कागदावर तेलाचा एकही डाग नाही, आणि सगळे बिंदू मधल्या रेघेला बिलगून. माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा ते सरासरीच्या जवळच लिहितो. खऱ्या यंत्राचे बिंदू इतके गुणी नसतात. लागोपाठ १५ बिंदू एका प्रमाण विचलनाच्या आत दिसले, तर त्यालाही बिघाडाची खूण समजावे असा नियम आहे. मात्र तक्ता खोटा आहे असे म्हणण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी : दोन स्पिंडलांचे (यंत्राच्या फिरत्या दांड्यांचे) नग एकाच गटात तर मोजले नाहीत ना? तसे केले तर स्पिंडलांमधला फरक पल्ल्यात शिरतो, मर्यादा फुगतात आणि खरे बिंदूही असेच मधोमध बिलगून बसतात.